क्योटो ते हिरोशिमा : पास, फलाट आणि शिनकान्सेन

नोव्हेंबर २०२४ मध्ये मी आणि माझे यजमान, दोघांनीच, कोणत्याही सहल कंपनीशिवाय क्योटोहून हिरोशिमाला शिनकान्सेनने, म्हणजे आपण ज्याला सरसकट बुलेट ट्रेन म्हणतो त्या गाडीने, प्रवास केला. आम्ही दोघेही निवृत्त आहोत, जपानी भाषेचा गंध नाही आणि यजमानांचा डावा गुडघा जिना दिसला की तक्रार करतो. नाशिकहून निघण्यापूर्वी या प्रवासाविषयी जे वाचायला मिळाले ते बहुतेक गाडीच्या वेगाविषयीच होते. तिकीट नेमके कोणते काढावे, कोठून काढावे आणि कोणत्या दारात काय घालावे, हे कोणी नीट क्रमाने सांगितलेले नव्हते. गाडीत बसणे हा या प्रवासातील सर्वांत सोपा भाग आहे. अवघड आहे ते त्यापूर्वीचे सगळे, आणि म्हणून हे टिपण लिहीत आहे.

सुरुवात अर्थातच व्हिसापासून झाली. सप्टेंबरमध्ये आम्ही पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन अर्ज दिला. अर्जासोबत विमानाची आरक्षणे, हॉटेलांची आरक्षणे, बँकेचे सहा महिन्यांचे खातेउतारे, आयकर विवरणपत्रे, प्रवासाचा हेतू सांगणारे पत्र आणि दिवसवार कार्यक्रमाचा तक्ता जोडला होता. या तक्त्यात प्रत्येक तारखेपुढे मुक्कामाचा पत्ता आणि त्या दिवशीचा प्रवास लिहायचा असतो. आम्हाला तो सुरुवातीला जाच वाटला. पण त्या निमित्ताने क्योटो कधी सोडायचे आणि ओसाकाला कधी पोहोचायचे हे कागदावर पक्के करावे लागले आणि पुढे पास निवडताना तोच तक्ता उपयोगी पडला. व्हिसा आठवडाभरात मिळाला. १ एप्रिल २०२४ पासून भारतातील अर्जदारांना पर्यटनासाठी इलेक्ट्रॉनिक व्हिसा मिळतो, त्यामुळे पारपत्रावर काहीही चिकटवलेले नसते. विमानतळावर मोबाइलवरील व्हिसाचे पान प्रत्यक्ष इंटरनेट जोडून दाखवावे लागते. छापील प्रत किंवा पडद्याचे छायाचित्र चालत नाही. म्हणून जपानमध्ये चालणारे ई-सिम आम्ही घरीच फोनमध्ये बसवून घेतले. तिथे उतरल्यावर बघू, असे म्हणण्याची ही गोष्ट नाही.

त्यानंतर तिकिटाचा प्रश्न आला आणि त्याने आमचे कितीतरी दिवस खाल्ले. ओळखीतील ज्यांनी ज्यांनी जपान पाहिले होते, त्या सर्वांनी संपूर्ण जपानभर चालणारा रेल्वे पास घ्या, असे सांगितले. तो सल्ला एके काळी योग्य होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या पासाची सात दिवसांची किंमत २९,६५० येनांवरून एकदम ५०,००० येनांवर गेली. आम्ही गेलो तेव्हा एक येन साधारण ५५ पैशांना पडत होता, म्हणजे माणशी साडेसत्तावीस हजार रुपये झाले. क्योटो, हिरोशिमा आणि ओसाका एवढ्याच टापूत फिरणाऱ्याने तो घेणे म्हणजे केवळ उधळपट्टी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरा मार्ग सुटी तिकिटे काढण्याचा. क्योटो ते हिरोशिमा हे सुमारे ३८० किलोमीटर अंतर आहे आणि राखीव जागेचे एका बाजूचे तिकीट ११ हजार येनांहून थोडे अधिक आहे. जाऊन-येऊन माणशी बारा-साडेबारा हजार रुपये होतात.

तिसरा मार्ग आम्हाला उशिरा सापडला, आणि तो समजण्यासाठी थोडा इतिहास समजून घ्यावा लागला. जपानची सरकारी रेल्वे १ एप्रिल १९८७ रोजी विभागून निरनिराळ्या जेआर (जपान रेल्वे) कंपन्यांकडे सोपवण्यात आली. तोक्यो ते शिन-ओसाका हा १९६४ साली सुरू झालेला मूळ शिनकान्सेन मार्ग जेआर सेंट्रलकडे गेला, तर शिन-ओसाकापासून पश्चिमेकडे हिरोशिमामार्गे क्युशू बेटावरील हाकाताला जाणारा सान्यो मार्ग जेआर वेस्टकडे. रूळ सलग आहेत, गाड्याही सलग धावतात, प्रवाशाला कुठे सांधा जाणवत नाही. पण तिकिटाच्या हिशेबात शिन-ओसाका ही सीमा आहे. क्योटो या सीमेच्या अलीकडे येते. जेआर वेस्टचा कन्साई (म्हणजे क्योटो-ओसाकाचा प्रदेश) आणि हिरोशिमा परिसराचा सलग पाच दिवसांचा पास तेव्हा १७,००० येनांना, म्हणजे सुमारे ९,४०० रुपयांना मिळत होता आणि त्यात शिन-ओसाका ते हिरोशिमा शिनकान्सेन येते, नोझोमी आणि मिझुहो या सर्वांत वेगवान गाड्याही येतात. क्योटो ते शिन-ओसाका हा शिनकान्सेनचा तुकडा मात्र त्यात येत नाही. तेवढ्या अंतरासाठी त्याच पासावर साध्या रुळावरील जलद गाडी घ्यायची आणि शिन-ओसाकाला गाडी बदलायची. पासावर क्योटोहूनच शिनकान्सेनमध्ये बसल्यास त्या छोट्या तुकड्याचे भाडे आणि अधिभार दोन्ही वेगळे भरावे लागतात.

पासात आणखीही गोष्टी होत्या : हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावर जाणारी जेआरची बोट, वाटेत हिमेजीला उतरण्याची मुभा आणि कन्साई विमानतळाला जाणारी हारुका एक्सप्रेस. या सगळ्याची बेरीज केल्यावर निर्णय सोपा झाला. फक्त पाच दिवस सलग मोजले जातात, म्हणून आम्ही पास क्योटोच्या मुक्कामात न वापरता १४ नोव्हेंबरपासून सुरू केला आणि शेवटचा दिवस, १८ नोव्हेंबर, परतीच्या विमानाचा ठेवला. क्योटो शहरात हा पास फारसा उपयोगी पडत नाही. तिथे भिस्त मुख्यतः बस आणि पायपीट यांवरच असते.

पास आम्ही घरूनच कंपनीच्या संकेतस्थळावर विकत घेतला. पैसे भरताना कार्ड दोनदा नाकारले गेले, कारण परदेशी व्यवहारांची सोय बँकेच्या ॲपमध्ये सुरू असूनही ऑनलाइन व्यवहारांची मर्यादा शून्यावर ठेवलेली होती. ती मर्यादा वाढवून तिसऱ्या वेळी काम झाले. पैसे भरण्याची सगळी कामे भारतात असतानाच उरकावीत, असे मी आग्रहाने सांगेन. परदेशात गेल्यावर बँकेचा सांकेतिक क्रमांक भारतीय सिमवर येईल की नाही, या चिंतेत उभे राहण्याचे कारण उरत नाही.

सिंगापूरमार्गे आम्ही कन्साई विमानतळावर उतरलो. येण्याच्या नोंदीसाठीचा क्यूआर कोड ‘व्हिजिट जपान वेब’वर आधीच तयार केलेला असल्याने कागद भरावे लागले नाहीत, पण रांग तासाभराची होती. तेथील अधिकारी पारपत्रावर अल्पकालीन पर्यटक असल्याची चिठ्ठी चिकटवतात. ती नीट चिकटली आहे याची खात्री करून घ्यावी, कारण परदेशी पर्यटकांसाठीचे रेल्वे पास याच दर्जाच्या प्रवाशांना मिळतात. विमानतळाच्या रेल्वे स्थानकावर प्रत्येकी २,००० येनांचे इकोका कार्ड घेतले. त्यातील ५०० येन अनामत असते आणि १,५०० वापरता येतात. बस, ट्राम, भुयारी रेल्वे, एवढेच काय, दुकानातही ते चालते.

क्योटोतील दिवसांविषयी येथे लिहीत नाही; तो स्वतंत्र विषय आहे आणि नोव्हेंबरमधील गर्दी हा त्याहूनही स्वतंत्र विषय आहे. प्रवासाच्या दृष्टीने दोन कामे मात्र तिथे केली. पहिले सामानाचे. शिनकान्सेनच्या या मार्गावर लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठ्या बॅगेसाठी डब्याच्या शेवटच्या रांगेतील विशिष्ट जागा आधी राखून ठेवावी लागते. वेगळे पैसे पडत नाहीत, पण आरक्षणाशिवाय तशी बॅग आणल्यास १,००० येन भरावे लागतात. चाके आणि मूठ धरून माप घ्यायचे असते, म्हणून घरी शिवणाची टेप लावून बॅगा मोजाव्यात. आमच्या बॅगा मापात बसत होत्या, पण शिन-ओसाकाला गाडी बदलताना त्या ओढत नेण्याची आमची तयारी नव्हती. क्योटोच्या हॉटेलातून आम्ही त्या परस्पर ओसाकाच्या हॉटेलावर पाठवल्या, पोहोचण्याची तारीख १६ नोव्हेंबर अशी लिहून दिली आणि हिरोशिमाला फक्त पाठीवरच्या पिशव्या नेल्या. एका बॅगेला दोन हजार येनांहून थोडे जास्त लागले. गुडघ्याच्या दृष्टीने हा संपूर्ण सहलीतील सर्वांत सार्थकी लागलेला खर्च होता.

दुसरे काम पास हातात घेण्याचे. १३ तारखेला संध्याकाळी क्योटो स्थानकावर गेलो तेव्हा तिकीट कार्यालयाच्या खिडक्यांसमोरची रांग दाराबाहेर आली होती. शेजारीच पारपत्र वाचणारी हिरव्या रंगाची यंत्रे होती आणि त्यांच्यापुढे तुरळक माणसे. यंत्रावर इंग्रजी भाषा निवडावी, आरक्षणाचा क्रमांक द्यावा आणि पारपत्राचे फोटोचे पान काचेवर ठेवावे, की पास छापून येतो. त्याच यंत्रात पास घालून दुसऱ्या दिवशीच्या गाडीतील जागाही राखता आल्या.

येथे गाडीच्या निवडीविषयी थोडे सांगते. नोझोमी सर्वांत वेगवान, म्हणून सगळ्यांची उडी तिच्यावर पडते. शिन-ओसाकाहून क्युशूकडे जाणारी साकुरा हिरोशिमाला पोहोचायला नोझोमीपेक्षा काही मिनिटेच अधिक घेते, आणि तिच्या साध्या राखीव डब्यांत एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला दोन अशाच जागा असतात. नोझोमीमध्ये तीन आणि दोन अशी रचना असते. साकुराच्या रुंद खुर्च्या, पाय पसरायला भरपूर जागा आणि भाडे जवळपास तेच, किंवा आमच्या बाबतीत वेगळे भाडे काहीच नाही. आम्ही साकुरातील उजवीकडच्या दोन जागा घेतल्या; का, ते पुढे येईल.

१४ नोव्हेंबर, गुरुवार. कचेऱ्यांची गर्दी ओसरावी म्हणून साडेनऊनंतर क्योटो स्थानकात शिरलो. यंत्रातून दोन प्रकारचे कागद मिळाले होते : पास आणि जागेचे तिकीट. फाटकाच्या फटीत फक्त पास घालायचा असतो आणि पलीकडे गेल्यावर तो पुन्हा घ्यायचा असतो. जागेचे तिकीट जवळच ठेवायचे. पास हरवल्यास पुन्हा मिळत नाही, म्हणून यजमानांनी दोन्ही पास गळ्यात अडकवायच्या पाकिटात घातले आणि पुढचे पाच दिवस ते पाकीट झोपतानाच उतरले.

क्योटो ते शिन-ओसाका जलद गाडीला सुमारे पंचवीस मिनिटे लागली. शिन-ओसाकाविषयी मला खरी धास्ती होती. प्रत्यक्षात साध्या गाडीच्या फलाटावरून सरकत्या जिन्याने वर गेले की शिनकान्सेनच्या फाटकांकडे नेणाऱ्या इंग्रजी पाट्या सलग दिसत राहतात, आणि शिनकान्सेनचे फलाट २० क्रमांकापासून पुढे सुरू होत असल्याने घोटाळा होत नाही. आम्ही दोन गाड्यांमध्ये चाळीस मिनिटांचे अंतर ठेवले होते. सवयीच्या माणसाला पंधरा पुरतील, पण लिफ्ट शोधायची असेल आणि स्वच्छतागृहात जायचे असेल तर चाळीसच ठेवावीत. त्या वेळात दुकानातून खाणे घेतले. शाकाहारी माणसाची येथे पंचाईत होते, कारण भाजीच्या दिसणाऱ्या डब्यातही मासळीचा अर्क असू शकतो. आम्ही खारवलेल्या उमे फळाचे भाताचे त्रिकोणी गोळे आणि फळे घेतली, बाकी धपाटे बरोबर होतेच. शिनकान्सेनमध्ये डबा उघडून खाणे अगदी रीतीचे आहे. शहरांतर्गत गाड्यांत मात्र कोणी खात नाही.

फलाटावर जमिनीवरच डब्याचा क्रमांक आणि दाराची जागा आखलेली असते. गाडी किती डब्यांची आहे त्यानुसार खुणा बदलतात आणि साकुरा आठ डब्यांची असल्याने वरच्या फलकावर पाहून उभे राहिलो. गाडी त्या खुणेवर येऊन थांबली. आपल्याकडे गाडी आली की जी धांदल उडते तिची सवय असल्याने मी पिशवी छातीशी घट्ट धरून तयार होते. पुढची सगळी माणसे दोन ओळींत शांतपणे आत गेली आणि माझी तयारी वाया गेली.

गाडीविषयी अपेक्षा जरा आवरून ठेवाव्यात. सान्यो मार्गाचा मोठा भाग बोगद्यांतून जातो. शिन-ओसाका सोडल्यावर थोड्याच वेळात सुमारे सोळा किलोमीटर लांबीचा रोक्को बोगदा लागतो आणि शिन-कोबे स्थानक आल्यावरच उजेड दिसतो. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात याच पट्ट्यातील उन्नत मार्गाचे खांब कोसळले होते आणि ८ एप्रिलपर्यंत मार्ग बंद होता. पहाटे पावणेसहाच्या सुमारास तो भूकंप झाला तेव्हा दिवसाची पहिली गाडी अजून सुटली नव्हती. वेग तीनशेपर्यंत जातो, पण पोटातले पाणी हलत नाही. बोगद्यात शिरताना कानाला थोडा दडा बसतो, एवढेच. परत आल्यावर नातेवाइकांनी, आपली मुंबई-अहमदाबाद गाडी अशीच असणार का, हा प्रश्न सर्वाधिक विचारला. तंत्र शिनकान्सेनचेच आहे, एवढेच मी सांगू शकले.

उजवीकडच्या जागांचे कारण हिमेजी. स्थानक जवळ येताना उत्तरेकडे, म्हणजे हिरोशिमाला जाताना उजव्या हाताला, १६०९ साली पुरा झालेला हिमेजीचा पांढरा किल्ला दिसतो. पुढे ओकायामा आले. १९७२ साली शिन-ओसाकाहून निघालेला हा मार्ग आधी येथपर्यंतच होता; हिरोशिमाला शिनकान्सेन पोहोचली ती १० मार्च १९७५ रोजी.

या दोन शहरांमध्ये प्रवास करताना एक गोष्ट मनातून जात नव्हती. मे १९४५ मध्ये अणुबॉम्बसाठी लक्ष्ये निवडणाऱ्या अमेरिकी समितीच्या यादीत क्योटोचे नाव वर होते. युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी ते आग्रहाने काढायला लावले. आदल्या दिवसापर्यंत आम्ही ज्या लाकडी मंदिरांच्या ओसऱ्यांवर टेकलो होतो, ती त्या निर्णयामुळे उभी आहेत, आणि गाडी जिथे चालली होती त्या शहराचे नाव यादीत तसेच राहिले. दीड तासाचा प्रवास त्यामुळे मला तसा लहान वाटला नाही. यजमान मात्र शेवटची वीस मिनिटे चक्क घोरत होते.

आम्ही गेलो तेव्हा हिरोशिमा स्थानकाबाहेरून २ किंवा ६ क्रमांकाची ट्राम गेनबाकु डोमच्या, म्हणजे अणुबॉम्बच्या स्फोटानंतरही उभ्या राहिलेल्या घुमटाच्या इमारतीच्या, थांब्यावर नेत होती. तेव्हा शहरातील भाडे कोठेही २२० येन होते आणि उतरताना इकोका टेकवायचे होते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी उद्ध्वस्त झालेल्या या शहरात तिसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, ट्रामचा एक तुकडा पुन्हा सुरू झाला होता. त्या स्फोटातून वाचलेल्या ६५१ आणि ६५२ क्रमांकांच्या ट्राम अजून सेवेत आहेत. आम्हाला त्या दिसल्या नाहीत.

यान लेत्झेल या चेक वास्तुविशारदाने बांधलेली, १९१५ सालची ती घुमटाची इमारत लोहमार्गावरून नव्हे तर नदीकाठावरून पाहावी. तिथून जवळच मोतोयासु नदीच्या काठी महात्मा गांधींचा अर्धपुतळा आहे. मे २०२३ मध्ये त्याचे अनावरण झाले आणि तो घडवला आहे धुळे जिल्ह्यातील गोंदूरचे राम सुतार यांनी. नाशिकच्या माणसाला खानदेशचे नाव इतक्या दूर भेटेल असे वाटले नव्हते. शांतता स्मारक संग्रहालयाचे तिकीट २०० येन आहे, पण ११ ऑक्टोबर २०२४ रोजी अणुबॉम्बपीडितांच्या निहोन हिदांक्यो या संघटनेला शांततेचे नोबेल जाहीर झाले होते आणि आम्ही त्यानंतर महिनाभराने गेलो होतो. तिकिटाच्या रांगेत पाऊण तास गेला आणि आत शाळेच्या मुलांची गर्दी होती. मुलांच्या वस्तूंच्या दालनात यजमान फार वेळ थांबू शकले नाहीत. बाहेर पडल्यावर बसायला बाके आहेत. त्या दिवशी संध्याकाळी दुसरे काहीही ठरवू नये.

१५ तारखेला मियाजिमाला गेलो. बोट पासात असली तरी बेटावर येणाऱ्या पाहुण्यांचा १०० येन कर वेगळा भरावा लागतो. भरती-ओहोटीच्या वेळा आदल्या रात्री पाहून जावे, कारण तेथील देवळाचे समुद्रातील लाल तोरण, म्हणजे प्रवेशद्वार, पाण्यात पाहायचे की चालत त्याच्या पायथ्याशी जायचे, हे त्यावर ठरते.

परतीला, १६ तारखेला, हिमेजीला उतरलो. पासावर मधे उतरून पुढची गाडी धरण्यास काहीच आडकाठी नसते; फक्त पुढच्या गाडीतील जागा वेगळी राखावी लागते. शनिवार असल्याने स्थानकातील सामानाची कपाटे सकाळी अकरालाच भरलेली होती. बॅगा आधीच ओसाकाला गेल्या असल्याने आमचे अडले नाही, पण किल्ल्यातील खड्या जिन्यांसमोर यजमानांनी हात जोडले आणि ते खाली अंगणात थांबले. गुडघेदुखी असलेल्यांनी तिकीट (तेव्हा ते १,००० येनांचे होते) काढण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे. किल्ला बाहेरूनही पोटभर दिसतो.

१८ तारखेला हारुकाने विमानतळ गाठला. हारुकातील जागाही हिरव्या यंत्रावर आदल्या दिवशी राखल्या होत्या. शेवटचे काम इकोका परत करण्याचे. ते जेआर वेस्टच्या तिकीट कार्यालयातच परत घेतात आणि कार्डात शिल्लक असेल तर तिच्यातून २२० येन शुल्क कापतात. शिल्लक शून्य असल्यास काहीच कापत नाहीत आणि ५०० येनांची अनामत पूर्ण मिळते. म्हणून आधी स्थानकातील दुकानात जाऊन उरलेल्या येनांचे चहाचे पाकीट आणि बिस्किटे घेतली, कमी पडलेले सुटे नाण्यांनी भरले आणि मगच रांगेत उभे राहिलो. वीस मिनिटांनी दोघांचे मिळून हजार येन हातात आले.